आधी ताळेबंद, मग चॅपल, मग मैदान

खेळाडूचा कॉलेजप्रवेश म्हटले की आपल्याला क्रीडा कोट्यातल्या मोजक्या जागा, जिल्हा-राज्य पातळीची प्रमाणपत्रे आणि वाढीव गुण आठवतात. कॉलेजचा कारभार एकीकडे चालतो, खेळ त्याच्या कडेकडेने. अमेरिकेतल्या छोट्या खासगी कॉलेजांत मात्र गाडी उलट्या बाजूने हाकली जाते. एखाद्या चर्चने शंभर-दीडशे वर्षांपूर्वी स्थापन केलेल्या, हजारभर विद्यार्थ्यांच्या कॉलेजात बेसबॉलचा कोच हा प्रवेश विभागाचाही बिनीचा शिलेदार असतो. त्याने वर्षाला पंधरा मुले आणली तर पंधरा जणांची फी, वसतिगृहाचे भाडे आणि मेसचे पैसे येतात. त्या मुलांच्या मागोमाग कधी भावंडे आणि मित्रही येतात. न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत आता लिटल लीगपासून बेसबॉल खेळत मोठी झालेली मुले आहेत. अशा मुलाला सतराव्या वर्षी कधी नावही न ऐकलेल्या ‘ख्रिश्चन युनिव्हर्सिटी’च्या कोचचा फोन येतो, तेव्हा आईवडिलांना दोन प्रश्न पडतात: संघ कितपत चांगला आहे, आणि तिथे धर्माचे किती स्तोम आहे. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण पहिला प्रश्न तिसराच असायला हवा. गुणवत्तेने मधल्या थरात असलेल्या खेळाडूसाठी छोटे धार्मिक कॉलेज हा पुष्कळदा चांगला पर्याय ठरतो, मात्र त्याची पारख कॉलेजच्या ताळेबंदापासून सुरू करावी लागते. मग धर्म पाहावा आणि खेळ सर्वांत शेवटी.

मुळात या कॉलेजांकडे वळावेच का लागते, ते आकड्यांवरून कळते. शाळेत बेसबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी जेमतेम सात-आठ जण पुढे एनसीएए या कॉलेज-खेळांच्या मुख्य संघटनेतल्या कुठल्या तरी कॉलेजसंघात पोहोचतात, आणि सर्वांत वरच्या ‘डिव्हिजन वन’मध्ये त्यांतले दोन-तीनच. एनसीएएचे तीन स्तर आहेत. त्यांच्या बाहेर एनएआयए ही छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना आहे, दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांची आणखी एक, आणि ख्रिस्ती कॉलेजांची एनसीसीएए ही १९६८ पासून चालत आलेली तिसरी. फुटबॉल-बास्केटबॉलच्या झगमगाटामुळे कॉलेजचा खेळाडू म्हणजे पूर्ण फीमाफी, असा समज पसरला आहे. बेसबॉलमध्ये तो कधीच खरा नव्हता. अगदी अलीकडपर्यंत डिव्हिजन वनच्या अख्ख्या संघाला मिळून ११.७ स्कॉलरशिप देता येत, आणि कोच त्या दोन डझनांहून अधिक मुलांत तुकडे करून वाटत. २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या समझोत्यानंतर ही मर्यादा उठली, पण तो समझोता स्वीकारणाऱ्या कॉलेजांना संघात ३४ जणच ठेवता येतात. म्हणजे वर पैसा वाढला आणि जागा आकसल्या. त्यातच २०२१ पासून खेळाडूला एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलण्याची मुभा मिळाली. मोठ्या संघाच्या कोचला आता एकवीस वर्षांचा, दुसरीकडे दोन सीझन खेळून तयार झालेला पिचर आयता मिळतो. अठरा वर्षांच्या कच्च्या पोराला घडवत बसण्याची त्याला गरज उरलेली नाही. त्या पोराला हाक मारणारे जे उरतात त्यांत छोटी खासगी कॉलेजे बरीच असतात, आणि छोट्या खासगी कॉलेजांतली पुष्कळशी कुठल्या ना कुठल्या चर्चशी जोडलेली असतात.

तिथून पुढे काहीच होत नाही असेही नाही. बेन झोब्रिस्ट हा इलिनॉयमधल्या युरेका गावच्या पाद्र्याचा मुलगा. शाळा संपली तेव्हा एकाही कॉलेजने त्याला विचारले नव्हते आणि बायबल कॉलेजात जायचे त्याचे जवळपास ठरले होते. वाढदिवसाला मिळालेले ५० डॉलर भरून तो एका निवड-चाचणीला गेला आणि तिथून ऑलिव्हेट नाझरीन या छोट्या धार्मिक विद्यापीठात पोहोचला. शेवटच्या वर्षी तो डॅलस बॅप्टिस्टला गेला, २००४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडीत, सहाव्या फेरीत निवडला गेला आणि २०१६ मध्ये शिकागो कब्जकडून वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. स्टीफन व्होट हा कॅलिफोर्नियातल्या अझूसा पॅसिफिक या इव्हँजेलिकल विद्यापीठाचा कॅचर. दोनदा ऑल-स्टार झाला आणि पुढे क्लीव्हलँडच्या संघाचा मॅनेजर म्हणून नावाजला गेला. अशी नावे कोच आवर्जून सांगतात. त्यांवरून एवढेच सिद्ध होते की दार बंद नसते. २०२१ पासून ड्राफ्टच्या फेऱ्या चाळीसवरून वीसवर आल्या आहेत. देशभरातून वर्षाला सहाशेच्या आसपास मुले निवडली जातात आणि त्यांतलीही बहुतेक कधी मेजर लीगमध्ये पोहोचत नाहीत. कॉलेज निवडताना हे खाते रिकामेच धरावे. मुलगा चार वर्षे खेळेल, त्या चार वर्षांत शिकेल आणि पदवी घेऊन बाहेर पडेल, एवढ्यावर हिशेब जमला पाहिजे.

तो हिशेब छोट्या कॉलेजात कसा जमतो? छापील फी पाहून घाबरू नये. ती फार थोडे लोक पूर्ण भरतात. अमेरिकेतली खासगी ना-नफा कॉलेजे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सरासरी निम्म्याहून अधिक सूट देतात. कोणी ती गुणांवर देते, कोणी घरच्या उत्पन्नावर, कोणी चर्चच्या सभासदत्वावर. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी एक डॉलरही देता येत नाही, आणि पुष्कळ पालक हा दोष समजून तो स्तर यादीतून खोडतात. माझ्या मते ती त्या स्तराची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. बेसबॉल हा खांद्या-कोपरांचा बळी घेणारा खेळ आहे. पिचरच्या कोपराचा अस्थिबंध तुटला की ‘टॉमी जॉन’ शस्त्रक्रिया आणि साधारण वर्ष-दीड वर्ष मैदानाबाहेर, हे आता नित्याचे झाले आहे. एनएआयए किंवा डिव्हिजन टूमधली खेळाची स्कॉलरशिप बहुतेक वेळा वर्षावर्षाला नव्याने ठरते. नव्या कोचला मुलगा नको असेल तर ती आटू शकते. डिव्हिजन थ्रीमधली सूट खेळाला बांधलेलीच नसल्याने हात प्लॅस्टरमध्ये असला तरी चालू राहते. तिथे सामनेही कमी असतात. डिव्हिजन वनचा संघ नियमित सीझनमध्ये ५६ सामने खेळू शकतो, डिव्हिजन थ्रीचा ४०. जीवशास्त्राची प्रयोगशाळा दुपारी असणाऱ्या मुलाला हा फरक लगेच समजतो.

आता मूळ मुद्दा. ही सगळी सूट देते कोण? ती बहुधा कॉलेजच्या एखाद्या मोठ्या ठेवीतून येत नाही. न घेतलेली फी म्हणून ती कॉलेजच्याच उत्पन्नातून वजा होते. ठेव भक्कम असेल तर ते परवडते. नसेल तर प्रत्येक ऑगस्टमध्ये किती मुले आली, यावर पुढचे वर्ष अवलंबून राहते. अलाबामातले बर्मिंगहॅम-सदर्न कॉलेज हे याचे उदाहरण. मेथडिस्ट परंपरेतले, १८५६ पासूनचा वारसा सांगणारे, शिक्षणात नाव असलेले. बेसबॉलमध्ये २००१ साली ते एनएआयएचे विजेते ठरले. मग त्याने डिव्हिजन वनची उडी घेतली, खर्च झेपेना म्हणून काही वर्षांतच ती स्कॉलरशिपची पायरी सोडून ते डिव्हिजन थ्रीमध्ये उतरले, आणि विद्यार्थी खेचण्यासाठी २००७ मध्ये फुटबॉलचा संघ उभा केला. त्याच काळात इमारतींसाठी कर्ज काढले गेले. पाठोपाठ मंदी आली आणि २०१० मध्ये आर्थिक साहाय्याच्या हिशेबातली मोठी चूक उघडकीला आली. त्यानंतरची वर्षे ठेव मोडून खाण्यात गेली. राज्य सरकारकडे मागितलेले तीन कोटी डॉलरचे कर्ज मिळाले नाही आणि २६ मार्च २०२४ रोजी कॉलेजने जाहीर केले की ३१ मे रोजी आपण बंद होत आहोत. तेव्हा तिथे सातशेच्या आसपास विद्यार्थी होते आणि बेसबॉलचा सीझन मध्यावर होता. संघ जिंकत गेला आणि डिव्हिजन थ्रीच्या वर्ल्ड सिरीजसाठी ओहायोतल्या ईस्टलेकला पोहोचला. पहिला सामना ३१ मे रोजीच होता, तो हरला. दुसऱ्या दिवशी, कॉलेज अस्तित्वातच नसताना, संघाने रँडॉल्फ-मेकनला शेवटच्या इनिंगमधल्या होमरनवर ९-७ असे हरवले, आणि २ जूनला विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरकडून ११-१० असा निसटता पराभव पत्करून तो संपला. अमेरिकेच्या वृत्तपत्रांनी ही कहाणी जिद्दीची म्हणून रंगवली, आणि ती होतीही. पण ज्या पालकाने तीन वर्षांपूर्वी या कॉलेजची निवड केली, त्याने मैदान, कोच आणि अभ्यासक्रम सगळे अचूक पारखले असणार. पारखायचा राहिला असेल तो ताळेबंद.

हे एकटेच उदाहरण असते तर त्याला अपवाद म्हणून सोडता आले असते. १८४२ चे आयोवा वेस्लियन २०२३ मध्ये बंद पडले. त्याच वर्षी मिशिगनमधले लुथेरन परंपरेचे फिनलँडिया आणि वेस्ट व्हर्जिनियातले बॅप्टिस्ट अ‍ॅल्डरसन ब्रॉडस. साउथ कॅरोलायनातले ख्रिस्ती कॉलेज लाइमस्टोन २०२५ मध्ये गेले. तिथला बेसबॉलचा संघ हॉल ऑफ फेममधल्या गेलॉर्ड पेरीने उभा केला होता. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत जन्मदर घसरला आणि तेव्हा न जन्मलेली मुले आता कॉलेजला येत नाहीत, त्यामुळे ही यादी वाढतच जाणार. म्हणून कोचच्या फोननंतरची पहिली संध्याकाळ कागद पाहण्यात घालवावी. अमेरिकेचे शिक्षण खाते प्रत्येक खासगी कॉलेजच्या आर्थिक प्रकृतीला उणे १ ते ३ या पट्टीवर गुण देते. दीडच्या खालचा आकडा हा धोक्याचा इशारा. ना-नफा संस्थांची कर-विवरणपत्रे बहुतांशी सार्वजनिक असतात. त्यांत सलग तीन-चार वर्षे तूट दिसली तर पुढचे वाचायची गरज नाही. कायद्याने कॉलेजांना खेळनिहाय खेळाडूंची संख्याही जाहीर करावी लागते. एकूण मुलगे चारशे आणि त्यांतले अडीचशे कुठल्या ना कुठल्या संघात, असे चित्र दिसले तर ते कॉलेज खेळावर तगून आहे हे ओळखावे. तेवढ्याने ते वाईट ठरत नाही, पण तिथे मुलाची भूमिका खेळाडूइतकीच गिऱ्हाइकाचीही असते. परदेशातून, म्हणजे पुण्या-मुंबईहून, विद्यार्थी-व्हिसावर जाणाऱ्याने तर याबाबत दुप्पट कठोर असावे. त्याला सरकारी मदत मिळत नाही, आणि कॉलेज बुडाले तर व्हिसा टिकवण्यासाठी घाईने दुसरे कॉलेज गाठावे लागते.

धर्माबद्दलची धास्ती मला त्या मानाने कमी वाजवी वाटते, कारण धर्म निदान छापलेला असतो. मात्र इथे आपला इकडचा अनुभव दिशाभूल करतो. मुंबईचे विल्सन किंवा सेंट झेवियर्स, नगरचे अहमदनगर कॉलेज, यांत पिढ्यान्‌पिढ्या हिंदू, पारशी, मुसलमान मुले शिकली आणि ख्रिस्ती स्थापना ही त्यांच्या दृष्टीने इमारतीच्या कमानीपुरती राहिली. अमेरिकेतली पुष्कळशी कॅथलिक आणि मेथडिस्ट कॉलेजे याच जातकुळीची असतात: धर्मशास्त्राचे एक-दोन पेपर, ऐच्छिक प्रार्थना आणि बाकी सर्व इतर कॉलेजांसारखे. पण इव्हँजेलिकल कॉलेजांचा कस वेगळा. शिकागोजवळच्या व्हीटनमध्ये, जिथे प्रसिद्ध धर्मोपदेशक बिली ग्रॅहम शिकले, विद्यार्थ्याला आचरणाचा लेखी करार मान्य करावा लागतो आणि चॅपलची, म्हणजे सामूहिक प्रार्थनेची, हजेरी सक्तीची असते. ओहायोतल्या सीडरव्हिलमध्ये चॅपल रोजच्या वेळापत्रकात आहे. काही ठिकाणी ख्रिस्ती श्रद्धेची कबुली प्रवेशअर्जातच मागतात. हिंदू घरातल्या मुलाने तिथे जाऊ नये, कारण खोटी सही करून घेतलेली जागा चार वर्षे टोचत राहते. याच्या मधोमध, हजेरी मागणारी पण श्रद्धा न मागणारी, अशीही कॉलेजे आहेत, आणि शिस्त न खुपणाऱ्या मुलाला ती मानवतात. करारात दारू, लैंगिक संबंध, वसतिगृहातल्या भेटीच्या वेळा, समलिंगी विद्यार्थ्यांबाबतचे नियम हे सगळे नावानिशी लिहिलेले असते. ते आईवडिलांनी नव्हे, मुलाने स्वतः वाचावे आणि सही करण्याआधी घरात त्यावर मोकळेपणाने बोलावे.

धर्म खेळाच्या वेळापत्रकातही उतरतो. न्यू यॉर्कची येशिवा युनिव्हर्सिटी ज्यू परंपरेची. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत तिचा संघ मैदानात उतरत नाही, आणि कॉलेज बेसबॉलचे बरेचसे सामने नेमके शनिवारी असतात. सलग शंभर सामने हरल्यावर २०२४ च्या एप्रिलअखेरीस या संघाने एक सामना जिंकला तेव्हा त्याची देशभर बातमी झाली. (हरण्याचा दोष शब्बाथला देता येणार नाही, शनिवार पाळून उत्तम खेळणारे असू शकतात.) ब्रँच रिकी हा ओहायो वेस्लियन या मेथडिस्ट कॉलेजात शिकलेला आणि तिथल्या संघाचा कोच राहिलेला, पुढे मेजर लीगचे संघ चालवणारा माणूस. तो आयुष्यभर रविवारी मैदानावर जात नसे, आणि कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध करून गोऱ्यांच्या बेसबॉलचा दरवाजा त्यानेच उघडला. श्रद्धा खेळाडूला आडवी येतेच असे मानण्याला त्यामुळे आधार नाही. श्रद्धेने अभ्यासाला मर्यादा पडतात का, हा आक्षेप अधिक टोकदार आहे. २०१५ च्या डिसेंबरात व्हीटनमधल्या एका प्राध्यापिकेने, मुसलमान आणि ख्रिस्ती एकाच देवाची उपासना करतात असे लिहिल्यावर तिला रजेवर पाठवले गेले, आणि दोन महिन्यांत ती व कॉलेज वेगळे झाले. लेखाशास्त्र किंवा नर्सिंग शिकणाऱ्या मुलाला अशा वादाची झळ लागण्याचे कारण नाही. तत्त्वज्ञान, धर्माभ्यास किंवा उत्क्रांतीवर काम करू पाहणाऱ्याने मात्र प्राध्यापकांना काय मान्य करून नोकरी घ्यावी लागते, हे आधी शोधावे.

यावर कोणी म्हणेल, इतकी यातायात कशाला? मुलाला राज्याच्या मोठ्या विद्यापीठात घालावे, फी रहिवाशाची स्वस्त, विषय हवे तेवढे, आणि हौस म्हणून तिथला क्लब संघ आहेच. संगणकशास्त्र किंवा अभियांत्रिकी करायचे पक्के असेल तर हा युक्तिवाद मला मान्य आहे. छोट्या कॉलेजात अभियांत्रिकीची शाखा अनेकदा नसतेच, आणि मराठी घरांत बहुधा तिथेच चर्चा संपते. पण ज्याचा विषय ठरलेला नाही, ज्याला वर्गात चारशे जणांत हरवण्याची सवय नाही आणि ज्याचा दिवस सरावाभोवती बांधला गेला तर अभ्यासही त्याच्या जोडीने होतो, अशा मुलासाठी क्लब संघ हा पर्याय अपुरा. तिथे रोजचा कोच नाही, फिजिओ नाही, अभ्यासात मागे पडल्यास विचारणारे कोणी नाही. ज्युनियर कॉलेजची दोन वर्षे स्वस्त पडतात आणि उशिरा बहरणाऱ्या खेळाडूला ती उपयोगीही पडतात. फक्त दोन वर्षांनी हीच सगळी शोधाशोध पुन्हा करावी लागते, आणि तेव्हा कोचच्या लेखी मुलाच्या हातात दोनच सीझन उरलेले असतात.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: कोच जर फीसाठी मुले गोळा करत असेल, तर तो गोड बोलून फसवतच नाही का? कधी कधी फसवतो. मैदानात एका वेळी नऊ जण, दौऱ्यावर पंचवीस-एक, आणि यादीत पन्नास-साठ नावे, असे संघ छोट्या कॉलेजांत आढळतात. उरलेली मुले ‘डेव्हलपमेंट’ किंवा ज्युनियर संघाच्या नावाखाली आठवड्याला एखादा सामना खेळतात आणि वर्षभरात खेळ सोडतात. पण ज्या कॉलेजचा श्वास फीवर चालतो, त्याला आलेला मुलगा टिकवण्यातही तितकाच स्वार्थ असतो. शहाणी कॉलेजे दुसऱ्या स्वार्थावर चालतात आणि त्यांच्याकडे खेळ सोडलेला मुलगाही पदवी घेऊनच जातो. कुठले कॉलेज कुठल्या प्रकारचे, हे कोचच्या बोलण्यावरून कळत नाही. कॉलेजच्या क्रीडा संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या संघयाद्या बहुधा तशाच असतात. तीन वर्षांपूर्वीची यादी उघडावी, तिच्यातली पहिल्या वर्षाची नावे कागदावर घ्यावीत आणि यंदाच्या यादीत त्यांतली किती उरली ते पाहावे. वीसपैकी पाच उरली असतील तर उरलेल्या पंधरांचे काय झाले, हे कोचलाच विचारावे. ती कॉलेजात आहेत की कॉलेजही सोडून गेली, एवढेच विचारावे, आणि तो नावे घेऊन उत्तर देतो की विषय नव्या बॅटिंग केजकडे वळवतो, हे मुलाला शेजारी बसवून ऐकावे.